पाळीच्या दिवसांत पोहणं: वाचकांचे प्रश्न

पोहण्याचा नियमित सराव करणाऱ्या मुलींच्या पाळीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या अडचणींची पत्रं एकत्र केली आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न: मुलगी साडेअकरा वर्षांची आहे, आठवड्यातले सहा दिवस सराव असतो. दोन महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली आणि तेव्हापासून पाळी आली की पाच दिवस ती घरी बसते. टॅम्पॉन (रक्त शोषायला योनीत घालायची कापसाची गुंडाळी) वापरणार नाही, असं तिचं ठाम म्हणणं आहे आणि मलाही जबरदस्ती करायची नाही. तिला पाण्यात पाठवावं का? तलावात येणाऱ्या इतरांच्या दृष्टीने ते अस्वच्छ नाही का?

उत्तर: पाठवा. टॅम्पॉनशिवायही पोहता येतं. फक्त पाण्यात उतरण्याआधीची आणि बाहेर आल्यानंतरची पाच मिनिटं नीट ठरवून ठेवावी लागतात.

पाण्यात असताना शरीरावर बाहेरून पाण्याचा दाब असतो, त्यामुळे रक्त बाहेर येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. याचा अर्थ पाळी थांबते असा नाही. गर्भाशयातून स्राव चालूच असतो, तो योनीमार्गात साचतो आणि मुलगी शिडी चढून वर आली की एकदम बाहेर येतो. जोरात खोकला आला तर पाण्यातही थोडा येतो. म्हणजे डागाची धास्ती खरी असते ती काठापासून टॉयलेटपर्यंतच्या अंतरात. तयारी त्या अंतराची करायची.

नेहमीचा पॅड लावून मात्र पाण्यात उतरू नये. पॅडमधल्या जेलला रक्त काय आणि तलावाचं पाणी काय, सारखंच. मिनिटाभरात पॅड फुगतो, चिकटपट्टी सुटते आणि मग तो कॉस्च्युममध्ये सरकत राहतो. रक्त शोषायला त्यात जागाच उरत नाही.

जमिनीवरचा व्यायाम पॅड, चड्डी आणि गडद शॉर्ट घालून करू द्या. पाण्याची वेळ झाली की टॉयलेटमध्ये जाऊन लघवी करायची, पॅड काढून कागदात गुंडाळून डब्यात टाकायचा, शॉवर घ्यायचा, कॉस्च्युम घालायचा आणि रेंगाळत न बसता पाण्यात उतरायचं. सराव संपण्याआधी तिचा गडद टॉवेल शिडीजवळ ठेवलेला असावा. वर येताच तो कमरेला गुंडाळायचा आणि थेट टॉयलेट गाठायचं. गप्पा, सूचना, कोचशी बोलणं हे सगळं नंतर. कॉस्च्युम काळा किंवा गडद निळा घ्या, पुढे-मागे पूर्ण अस्तर असलेला. सरावाला आत दुसरी घट्ट पोहण्याची चड्डी घातली तरी चालते.

पाळीसाठी खास बनवलेले कॉस्च्युमही मिळतात. त्यांत आतून शोषणारा थर आणि बाहेरून पाणी अडवणारा थर असतो. या वयाच्या मुलीला ते सोयीचे आहेत, पण त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. बहुतेकांची क्षमता एक-दोन टॅम्पॉनांएवढीच असते, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांना ते पुरतात आणि जास्त स्रावाच्या दिवशी एकटे पुरत नाहीत. मांडीशी सैल बसला तर पाणी आत शिरतं आणि थर निकामी होतो, म्हणून मापाबाबत तडजोड नको. वापरानंतर गार पाण्यात खळबळून घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने शोषण्याची क्षमता जाते.

आता स्वच्छतेबद्दल. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साधारण ४ लाख ६९ हजार लिटर पाणी असतं. एका पूर्ण पाळीत जाणारं रक्त बहुतेकींत ३० ते ४० मिलिलिटर, तेही चार-पाच दिवसांत मिळून. त्यातले काही थेंब पाण्यात मिसळले तरी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या तलावात कुणाला संसर्ग होण्याची भीती नाही. पोहण्याआधी शॉवर न घेणारी माणसं तलावाचं पाणी जास्त बिघडवतात.

सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात सामान्य मानतात, म्हणून पॅड आणि जादा चड्डी रोजच बॅगेत असू द्या. पहिल्या दिवशी फारच जात असेल आणि तिला नको वाटत असेल, तर त्या दिवशी जमिनीवरचा व्यायाम करावा. पाचही दिवस घरी बसण्याचं कारण नाही.

प्रश्न: मी १४ वर्षांची आहे. टॅम्पॉन वापरायचा प्रयत्न तीनदा केला, पण आतच जात नाही आणि दुखतं. माझ्यात काही दोष आहे का? पुढच्या महिन्यात शिबिर आहे.

उत्तर: दोष असण्याची शक्यता खूप कमी आहे. बहुतेक मुलींना पहिल्या काही वेळा असंच होतं, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत: चुकीचा दिवस, चुकीचा आकार, चुकीची दिशा आणि घाई.

सर्वांत कमी शोषण्याचा, म्हणजे लाइट किंवा ज्युनिअर टॅम्पॉन घे. तो ६ ग्रॅमपर्यंत शोषतो आणि बारीक असतो. सुरुवातीला ॲप्लिकेटर, म्हणजे ढकलनळी असलेला सोपा जातो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी, स्राव चांगला चालू असताना प्रयत्न कर. पाळी नसताना किंवा शेवटच्या दिवशी सराव म्हणून घालून बघू नकोस. आतली त्वचा कोरडी असते आणि कापूस घासला जाऊन दुखतं. शिबिरात किंवा तलावावर पहिला प्रयोग नको. घरी, दार लावून, हाताशी अर्धा तास असताना कर.

साबणाने हात धू. एक पाय कमोडच्या कडेवर किंवा स्टुलावर ठेव, नाहीतर गुडघे फाकवून अर्धवट बस. आधी आरशात बघून योनीचं तोंड कुठे आहे ते ओळख: लघवीच्या छिद्राच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे. दोर बाहेर लोंबतो ना ते बघून घे. टोकाला पाण्यात विरघळणारं वंगण थोडंसं लावलंस तर सोपं जातं. व्हॅसलीन मात्र नको. आता दिशा. बहुतेक मुली टॅम्पॉन सरळ वरच्या बाजूला ढकलतात आणि तो पुढच्या भिंतीला अडतो. योनीमार्ग मागे, कमरेच्या माकडहाडाकडे कललेला असतो, म्हणून रोख तिकडे हवा. लांब श्वास सोड आणि सोडतानाच ढकल. श्वास रोखला की तिथले स्नायू आवळतात. बिनॲप्लिकेटरचा टॅम्पॉन असेल तर बोटाचं मधलं पेर आत जाईपर्यंत ढकलायचा.

नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. बसताना टोचत असेल तर तो तोंडाशीच अडकलाय. तो काढून टाक आणि नवा घे, तोच पुन्हा आत ढकलू नकोस. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवशी थांब. दुखत असताना रेटलंस तर पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून बसेल. टॅम्पॉन आत हरवत नाही, कारण वरचं टोक गर्भाशयमुखाने बंद असतं आणि तिथली वाट टॅम्पॉनला फार अरुंद आहे. दोर सापडला नाही तर उकिडवी बस, शौचाला जोर देतो तसा हलका जोर दे आणि स्वच्छ बोटाने चाचप.

पोहण्याआधी नवा टॅम्पॉन घाल आणि दोर आत खोचून घे. पोहून झालं की लगेच बदल, कारण दोर आणि खालचं टोक ओलं झालेलं असतं. एरवी ४ ते ६ तासांनी बदलायचा, ८ तासांच्या वर कधीही ठेवायचा नाही. सराव संपवून दमून झोपी गेल्यावर तो तसाच राहतो, म्हणून मोबाइलवर गजर लाव. टॅम्पॉन आत असताना अचानक जोराचा ताप, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, उलट्या, जुलाब, चक्कर असं काही झालं तर तो लगेच काढायचा, तडक रुग्णालयात जायचं आणि टॅम्पॉन वापरत होते हे आपणहून सांगायचं. ही टॉक्सिक शॉक सिंड्रोमची, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराची लक्षणं असू शकतात. तो दुर्मीळ आहे, पण त्यात तास महत्त्वाचे असतात.

दोन-तीन पाळ्यांत हे सगळं नीट करूनही आत जातच नसेल, किंवा आत गेलेला टॅम्पॉन फुगल्यावर बाहेर येताना एखाद्या पट्टीला अडल्यासारखं होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. काही मुलींच्या योनिपटलात मधोमध आडवी-उभी पट्टी असते किंवा छिद्र फार लहान असतं. त्यावर छोटी शस्त्रक्रिया पुरते. आणि तुला कुणी सांगितलं असेल की टॅम्पॉनने कौमार्य जातं, तर ते खरं नाही. योनिपटल ताणली जाणारी कड असते, बंद पडदा नसतो.

प्रश्न: फ्लिप टर्न (भिंतीशी कोलांटी घेऊन वळणं) मारताना उलटं झालं की रक्त आत परत जातं का? आणि शर्यतीच्या ब्लॉकवरून उडी मारताना कप (रक्त साठवायला योनीत बसवायची मऊ वाटी) निसटतो का?

उत्तर: दोन्हीही नाही. टर्नमध्ये तू सेकंदभर उलटी असतेस, त्याने काही बिघडत नाही. कप योनीमार्गाच्या स्नायूंनी आणि कडेच्या पकडीने जागेवर राहतो. उडीच्या धक्क्याने तो निघत नाही.

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, गेली तीन वर्षं टॅम्पॉन वापरते. आता कप घेतला, पण सरावात गळतो. मैत्रिणीचा त्याच कंपनीचा कप गळत नाही. असं का?

उत्तर: कप पूर्ण न उघडणं हे पहिलं कारण, आणि पोहणाऱ्या मुलींत ते जास्त दिसतं. पोट आणि ओटीपोटाचे स्नायू घट्ट असतात, ते मऊ कपाला आतून दाबून चेपटा ठेवतात. तिला लहान मापाचा पण जरा कडक कप बहुधा जमेल. मैत्रिणीच्या कपाशी तुलना करू नका, दोघींच्या गर्भाशयमुखाची उंची वेगळी असू शकते.

घातल्यावर तिने स्वच्छ बोट कपाच्या बुडाभोवती फिरवून बघावं. गोल लागला तर उघडलाय, घडी किंवा खळगा लागला तर नाही. बूड चिमटीत धरून कप थोडा फिरवला की बहुतेकदा उघडतो. इंग्रजी सी अक्षरासारखी घडी उघडायला अडत असेल, तर कडेचा एक बिंदू आत दाबून केलेली घडी वापरावी. ती टोकाला बारीक होते आणि आत गेल्यावर झटकन उघडते. कडेखालची बारीक छिद्रं बुजलेली असतील तरी पकड बसत नाही. कप धुताना पाण्याने भरायचा, तोंडावर तळहात दाबून उलटा करायचा आणि पिळायचा, म्हणजे छिद्रांतून धार निघते आणि ती साफ होतात. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मागून कप दाबतं, हे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

काढताना देठ धरून ओढायचा नाही. उकिडवं बसून हलका जोर द्यायचा, बूड चिमटीत दाबून पकड सोडवायची आणि एक कड आधी बाहेर काढायची. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप भरपूर पाण्यात साधारण पाच मिनिटं उकळावा, भांड्याच्या तळाला चिकटू देऊ नये. सरावाआधी रिकामा करून घातला की दोन-अडीच तासांची काळजी मिटते, कारण लहान कपातही १५ ते २० मिलिलिटर मावतं. नवा कप पक्का जमायला दोन-तीन पाळ्या लागतात. तोपर्यंत स्पर्धेत सवयीचा टॅम्पॉनच बरा. खुल्या पाण्यातल्या लांब शर्यतींना मात्र, जिथे तासन्‌तास टॉयलेट नाही, आम्ही कपालाच पहिली पसंती देऊ.

प्रश्न: मी पुरुष कोच आहे. १२ ते १६ वयोगटात बऱ्याच मुली आहेत. महिन्यातून काही दिवस ‘पोट दुखतंय’ असं सांगून त्या येत नाहीत. कारण समजतं, पण बोलू कसं? बोललो तर त्यांना अवघडल्यासारखं होईल.

उत्तर: कुणाची पाळी चालू आहे हे तुम्हाला कळायची गरजच नाही. सोय अशी करा की मुलीला काही सांगावंच लागू नये.

हंगामाच्या सुरुवातीला, पालकही असताना, मुलं-मुली सगळ्यांसमोर एकदाच सांगा: पाळीत पोहता येतं, टॉयलेटला जायला परवानगी लागत नाही, सामान अमुक ठिकाणी आहे, आणि बोलायचं असेल तर अमुक ताई किंवा मॅडम आहेत. आवाज नेहमीचा ठेवा, खांदेदुखीबद्दल सांगताना असतो तसा. तुम्ही अवघडलात तर मुली अवघडतील.

मुलींच्या चेंजिंग रूममध्ये झाकणाचा डबा ठेवा: दोन मापांचे पॅड, लाइट टॅम्पॉन, दोन मापांचे काळे कॉस्च्युम, नव्या चड्ड्या, पाणी न झिरपणाऱ्या पिशव्या, बिनवासाचे वाइप्स. दर आठवड्याला तो भरायची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्या, नाहीतर महिन्याभरात तो रिकामा होतो आणि मुली बघायचंही सोडून देतात. टॉयलेटच्या आत, कडीच्या बाजूला, झाकणाची कचरापेटी हवी. ती बाहेर वॉश-बेसिनपाशी असेल तर वापरलेला पॅड हातात घेऊन सगळ्यांसमोरून जावं लागतं, आणि तेवढ्या एका कारणासाठी मुली पोहायला यायचं टाळतात.

दोन तासांच्या सरावात मधोमध पाच मिनिटांची सुट्टी सगळ्यांना द्या. मग एकटीनेच उठून जाण्याचा प्रश्न राहत नाही. क्लबचा कॉस्च्युम फिक्या रंगाचा असेल तर तो बदला. हे काम खर्चाचं आहे, पण आमच्या मते बाकी सगळ्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

रोज फळ्यावर दोन पर्याय लिहून ठेवा: पूर्ण सराव, किंवा हलका सराव. हलक्यात कमी अंतर, तंत्राचे ड्रिल, उड्या नाहीत. कुणी काय निवडलं आणि का, हे विचारायचं नाही. दोन्हीही नको असेल तर जमिनीवरचा व्यायाम. न आल्याबद्दल जादा लॅपची शिक्षा तर कधीच नको. पाळीच्या तारखा टिपण्याची सवय मुलींना जरूर लावा, पण ती वही किंवा ॲप तिचं असतं. क्लबच्या तक्त्यावर तारखा येता कामा नयेत, आणि याबाबत मुलीला एकटीला खासगी मेसेज करू नका, पालकांना त्यात ठेवा.

डाग पडलाच तर टॉवेल द्या, ‘जा, बदलून ये’ एवढंच म्हणा आणि बाकीच्यांना पुढचा सेट सुरू करायला लावा. हसणाऱ्या मुलाला त्याच दिवशी बाजूला घेऊन सुनवा.

कामगिरीचं म्हणाल तर, झालेल्या अभ्यासांची गोळाबेरीज एवढीच निघते की पाळीच्या पहिल्या दिवसांत पडणारा फरक सरासरीने अगदी किरकोळ असतो आणि मुलीमुलीत खूप बदलतो. तेव्हा ‘पाळी आहे, आज टायमिंग येणार नाही’ असं तुम्ही आधीच ठरवू नका. तिला खरोखर जड जात असेल तर तेही मान्य करा.

प्रश्न: सहा आठवड्यांनी मोठी स्पर्धा आहे आणि पाळीची तारीख नेमकी तेव्हाच येते. पुढे ढकलायची गोळी १५ वर्षांच्या मुलीला द्यावी का?

उत्तर: घरच्या घरी, कुणाची तरी उरलेली गोळी तर अजिबात नको. पाळी पुढे ढकलण्यासाठी डॉक्टर बहुतेकदा नोरएथिस्टेरॉन देतात: ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. यात दोन अडचणी आहेत. या वयात तारीख आठवडाभर इकडेतिकडे होते, त्यामुळे तीन दिवस आधी म्हणजे नक्की कधी, हेच ठरत नाही. आणि पोट फुगणं, छाती दुखणं, चिडचिड, डोकेदुखी असे परिणाम काहींना होतात. ते नेमके शर्यतीच्या आठवड्यात पहिल्यांदा कळणं बरं नव्हे. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास घरात कुणाला असेल, किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. गोळीचा विचार असेलच तर दोन-तीन महिने आधी भेटा आणि साध्या सरावाच्या महिन्यात एकदा घेऊन बघा. सहा आठवड्यांत त्यासाठी एखादीच पाळी मिळते. एवढ्या वेळात टॅम्पॉन नीट शिकणं जास्त भरवशाचं.

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनची फू युआनहुई हिने ४ बाय १०० मीटर मेडले रिलेनंतर मुलाखतीत सरळ सांगितलं होतं की आदल्या रात्री पाळी आली आणि म्हणून ती थकलेली होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकचं कांस्यपदक तिने मिळवलं होतं. मुलीला हे जरूर सांगा. जगातल्या अव्वल जलतरणपटूलाही पाळी स्पर्धेत येते, ती पोहते आणि दमले असंही म्हणते.

औषधांबद्दल आणखी एक. उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धांत वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी असलेल्या औषधांची यादी लागू असते आणि ती दर वर्षी १ जानेवारीपासून नवी होते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, पॅरासिटामॉल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, नोरएथिस्टेरॉन यांवर बंदी नाही. पण पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) किंवा मुरुमांसाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन बंदी असलेल्या औषधांत मोडतं, स्पर्धा असो वा नसो. त्वचारोगतज्ज्ञांना मुलगी स्पर्धेत पोहते हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक डॉक्टरांना ते तुम्हीच सांगा.

प्रश्न: शर्यतीचा गुडघ्यापर्यंतचा घट्ट सूट चढवायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये टॅम्पॉन कसा बदलायचा? आत पाळीची चड्डी घालता येईल का?

उत्तर: वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेचे नियम लागू असलेल्या स्पर्धेत एका वेळी एकच सूट घालता येतो, तोही मान्यताप्राप्त. आत दुसरी चड्डी बसत नाही. स्थानिक स्पर्धेत यात सवलत मिळू शकते, पण रेफ्रींना आदल्या दिवशी कोचमार्फत विचारून ठेव. शर्यतीआधी मार्शलिंगच्या रांगेत वाद नको.

वेळापत्रक उलट्या क्रमाने मांड. शर्यत साडेदहाला असेल तर दहाच्या आत सूट अंगावर हवा, म्हणजे साडेनऊला टॉयलेट. वॉर्म-अप साध्या काळ्या कॉस्च्युममध्ये कर, बाहेर येऊन वॉर्म-अपमधला टॅम्पॉन काढ, अंग पूर्ण कोरडं कर, नवा घाल, दोर खोच आणि मगच सूट चढव. ओल्या अंगावर सूट चढत नाही आणि ओढाताणीत दोर बाहेर येतो. शर्यत झाली की कूल-डाउनला जाण्याआधी सूट उतरव, टॅम्पॉन बदल आणि कूल-डाउन साध्या कॉस्च्युममध्ये कर. सकाळच्या हीट आणि संध्याकाळच्या फायनलच्या मधल्या वेळात पॅड वापर, त्वचेलाही विश्रांती मिळते.

टॅम्पॉन किंवा कप वापरत नसशील तरी शर्यत चुकवू नकोस. नियम अंगावर एकच सूट मागतो, त्यामुळे कॉल रूमला (शर्यतीआधी जमायच्या खोलीत) निघण्याआधी पॅड काढ, वरून गडद शॉर्ट किंवा ट्रॅकसूट घाल आणि तो ब्लॉकमागे उतरव. शर्यत मिनिटा-दोन मिनिटांची असते. बाहेर येशील त्या बाजूला टॉवेल घेऊन एक मैत्रीण उभी कर.

प्रश्न: पाळीत पोट खूप दुखतं. पोहण्याआधी गोळी घेतली तर चालते का?

उत्तर: चालते. कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन या गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या रसायनामुळे, आणि आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड तेच तयार होऊ देत नाही. म्हणून दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा सुरुवातीलाच घेतलेली जास्त लागू पडते. १२ वर्षांवरील मुलीला आयबुप्रोफेन एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, काही खाऊन, दोन गोळ्यांत किमान ६ तास. दमा, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाणी पुरेसं पी, तहानलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडावर ताण आणते. ॲस्पिरिन या वयात घेऊ नकोस. सरावाआधी पंधरा मिनिटं ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी आणि नेहमीपेक्षा लांब, सावकाश वॉर्म-अप यांनीही बरं वाटतं. गोळी घेऊनही तीन पाळ्या दर वेळी सराव बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढण्याचा आजार) या वयातही असतो.

प्रश्न: दर दीड-दोन तासांनी पॅड भरतो आणि आठ दिवस जातं. सगळे म्हणतात, या वयात असतंच.

उत्तर: नाही, हे तपासायला हवं. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, दोन तासांच्या आत पॅड भरणं, अडीच सेंटीमीटरहून मोठ्या गाठी, यांतलं एकही पुरेसं आहे. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घे, कारण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. त्या मधल्या काळात टायमिंग घसरतं, धाप लागते आणि ‘मेहनत कमी पडते’ असं ऐकावं लागतं. पहिल्या पाळीपासूनच असं असेल तर रक्त गोठण्याच्या दोषाची, विशेषतः व्हॉन विलेब्रांड आजाराची, तपासणी मागून घे. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नकोस.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, दिवसातून दोनदा सराव. चार महिने पाळी आलेली नाही. तिची कोच म्हणते की भरपूर सराव करणाऱ्या मुलींचं असं होतंच, उलट सुटकाच झाली. मुलगीही खूश आहे.

उत्तर: यात खूश होण्यासारखं काही नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, कितीही सराव असो. थायरॉइड, पीसीओएस, प्रोलॅक्टिन या हार्मोनची वाढ आणि गरोदरपण या शक्यता आधी तपासल्या जातात. त्यांतलं काही नसेल, तर सरावात जेवढी ऊर्जा जाते तेवढी खाण्यातून मिळत नाही, हे कारण बहुधा निघतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये याला रेड-एस, म्हणजे खेळाडूंमधला ऊर्जेचा सापेक्ष तुटवडा, हे नाव दिलं आणि २०२३मध्ये त्यावरच्या सूचना नव्याने मांडल्या. शरीर तुटवड्यात असलं की ज्याच्यावाचून आजचा दिवस निभतो ते काम आधी बंद करतं, आणि पाळी त्यात पहिली येते. तिच्या पाठोपाठ हाडं, प्रतिकारशक्ती आणि टायमिंग जातं.

पोहणाऱ्या मुलींना हाडांची भीती जास्त आहे. पाण्यात शरीराचं वजन हाडांवर येत नाही, त्यामुळे धावणाऱ्या किंवा उड्या मारणाऱ्या मुलींच्या हाडांना व्यायामातून जी बळकटी मिळते ती यांना मिळत नाही. हाडं भरण्याची वर्षं हीच आहेत.

डॉक्टरांना भेटेपर्यंत एक काम करा: तीन दिवस ती काय आणि कधी खाते ते लिहून काढा. पहाटेचा सराव रिकाम्या पोटी, मग शाळेची घाई, दुपारी भूक मेलेली आणि संध्याकाळी पुन्हा पाणी, असा दिवस दिसला तर बहुतेक तिथेच उत्तर आहे. पहाटेच्या सरावाआधी थोडं काही आणि सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर, एवढं तरी लगेच सुरू करा. वारंवार सर्दी, न भरणारी दुखणी, सतत थंडी वाजणं हेही डॉक्टरांना सांगा. हार्मोनच्या गोळीने पाळी आली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. तो गोळीमुळे झालेला रक्तस्राव असतो, मूळ तुटवडा तसाच राहतो. खाणं वाढवून आणि सराव काही काळ कमी करून पाळी आपणहून परत यायला काही महिने लागतात. या काळात कोचने तिला वजनकाट्यावर उभं करणं बंद करावं, ही मागणी तुम्ही पालक म्हणून स्पष्टपणे करा.

प्रश्न: पाळीनंतर दोन-तीन दिवस खाज येते. क्लोरीनमुळे असेल का?

उत्तर: बहुतेकदा ओला कॉस्च्युम तासभर अंगावर राहिल्याने येते. सराव संपला की दहा मिनिटांत तो उतरव, साध्या पाण्याने बाहेरून धू, टिपून कोरडं कर आणि सुती चड्डी घाल. सुगंधी साबण, सुगंधी पॅड आणि आतून धुण्याची द्रावणं बंद कर. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव किंवा माशासारखा वास असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि आत एखादा टॅम्पॉन विसरलेला नाही ना, तेही आधी बोटाने बघ.